कोर्टातला भेदभाव आणि सदोष खटला: तक्रारी दोन, एक नव्हे

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात शिक्षेचा निकाल लागला की बाहेरच्या कट्ट्यावर दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘आमची जात बघूनच शिक्षा ठोकली’ आणि ‘आमचं कुणी ऐकूनच घेतलं नाही’. नातेवाईक ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलतात. संताप एकच असतो, त्यामुळे त्यांची चूक नाही. पण अपिलाचा मसुदा लिहायला बसलेल्या वकिलाला ती सुटी करावी लागतात. पहिली तक्रार समानतेची आहे, राज्यघटनेच्या १४ आणि १५ व्या कलमांतली. दुसरी आहे निष्पक्ष खटल्याची. ‘निष्पक्ष खटला’ असे शब्द घटनेत कुठेही नाहीत. न्यायालयांनी हा हक्क २१ व्या कलमातून काढला आहे, आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क देणारं २२ वं व मोफत कायदेशीर मदतीचं ३९-अ ही कलमं त्याच्या जोडीला उभी असतात.

दोन्हींतला फरक समजायला अमेरिकेतल्या स्कॉट्सबोरो खटल्यासारखं उदाहरण दुसरं नाही, कारण एकच प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेलं आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या कारणाने शिक्षा रद्द झाल्या. मार्च १९३१ मध्ये अलाबामा राज्यात मालगाडीतून चाललेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप आला. अटकेनंतर दोन आठवडेही उलटले नव्हते तोवर खटले सुरू झाले, आणि आठ जणांना फाशी सुनावली गेली. आरोपींना वकील कोण? न्यायाधीशांनी गावातल्या झाडून सगळ्या वकिलांची नेमणूक केली होती. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला सांगायला नको. शेवटी दुसऱ्या राज्यातून आलेला, अलाबामाचा कायदा माहीत नसलेला एक वकील आणि त्याच्या मदतीला एक वयोवृद्ध स्थानिक वकील खटल्याच्या दिवशी सकाळी उभे राहिले.

१९३२ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या त्या एवढ्याच मुद्द्यावर: प्राण पणाला लागलेल्या खटल्यात आरोपीला तयारीनिशी उभा राहणारा वकील मिळाला नाही. ज्युरीत, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळात, एकही कृष्णवर्णीय नव्हता ही तक्रारही तेव्हा समोर होती. तिला न्यायालयाने हात लावला नाही.

फेरखटले झाले, पुन्हा फाशीची शिक्षा झाली, आणि १९३५ साली प्रकरण परत वर आलं. या वेळी वकील नामांकित होते, उलटतपास कसून झाला होता. आता मुद्दा होता तो ज्युरीच्या यादीचा. गेल्या कित्येक वर्षांत त्या भागात एकही कृष्णवर्णीय माणूस ज्युरीवर बसलेला नव्हता. अधिकारी म्हणाले, छे, त्यांची नावं यादीत आहेत की! नावं होतीही, पण पानाच्या तळाशी, जिथे यादी संपल्याची लाल रेघ मारलेली होती तिथे दाटीवाटीने कोंबलेली. नावांची शाई लाल रेघेवरून गेली होती, म्हणजे ती रेघ मारल्यानंतर घुसडलेली होती. ती वही सर्वोच्च न्यायालयात आणली गेली आणि न्यायमूर्तींनी भिंगातून ती पाने पाहिली. शिक्षा पुन्हा रद्द झाली, या वेळी वर्णभेदाच्या कारणावरून.

पहिल्या खेपेचा दोष कोर्टाच्या कागदपत्रांतच होता: वकील कधी नेमला, तयारीला किती वेळ मिळाला. दुसऱ्या खेपेचा दोष सापडायला लाल रेघ लागली. ती रेघ नसती तर? माझ्या मते खरा फरक इथे आहे. खटल्यातली खोट रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेवार नोंदीत, दिसते. भेदभाव करणारा माणूस तो लिहून ठेवत नाही.

उलट बाजूचं उदाहरण पुण्याच्या घरातलंच आहे. १९०८ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. आरोपपत्र होतं, ज्युरी होती, आणि टिळकांना स्वतःची बाजू मांडायला एकवीस तासांहून अधिक वेळ मिळाला. नुसती कार्यपद्धती तपासणाऱ्याला यात फारसं खटकणार नाही. पण नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन होते आणि केसरीतले मराठी लेख त्यांनी भाषांतरातूनच वाचलेले. निकाल सात विरुद्ध दोन लागला. १८९७ च्या खटल्यातही ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते, आणि मतं सहा विरुद्ध तीन पडली होती. जाता जाता हेही सांगायला हवं की १९०८ चे न्यायमूर्ती दावर स्वतः भारतीय, पारशी होते. न्यायाधीश ‘आपला’ असला की भेदभावाचा प्रश्न मिटतो, असं समजणाऱ्यांनी हा खटला वाचावा.

भेदभाव सिद्ध करणं किती अवघड आहे, ते १९८७ च्या, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या प्रकरणाने दाखवलं. मृत व्यक्ती गोरी असेल तर फाशीची शक्यता ४.३ पट वाढते, असा दोन हजारांवर खून-प्रकरणांचा अभ्यास आरोपीने मांडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की आकडे खरे धरले तरी ‘तुमच्याच खटल्यात, हेतुपुरस्सर’ भेदभाव झाला हे दाखवा. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपलं मत बदलावंसं वाटतं असं सांगितलं. आरोपीला त्याचा काही उपयोग नव्हता.

आपल्याकडे ज्युरी केव्हाच गेली, त्यामुळे प्रश्न सरकतो तपासाकडे: संशयित म्हणून आधी कुणाला उचललं जातं? १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही पारध्यांच्या पालांकडेच वळते. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या दरोडा, बलात्कार आणि हत्याकांडात भटक्या समाजातल्या सहा मजुरांना फाशीची शिक्षा झाली. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच सुनावली. २०१९ साली त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं. घटनेतून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या फोटोंमधून भलतीच चार माणसं ओळखली होती. त्यांचा माग काढलाच गेला नाही आणि तो कागदही खटल्यात दडवला गेला.

हे लोक भटके, गरीब मजूर आहेत, त्यांना गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने नोंदवलं खरं. सुटका मात्र झाली ती पुरावा आणि सदोष तपास या मुद्द्यांवर. मला यात शहाणपण दिसतं आणि खंतही वाटते. ओळख पटवण्याचा कागद दाखवून माणूस बाहेर काढता येतो, ‘जमात पाहून उचललं’ हे दाखवून काढणं जवळपास अशक्य. पण मग जमात पाहून उचलण्याबद्दल कुणाला जाब द्यावा लागत नाही.

भेदभाव लेखी सापडला तर चित्र पालटतं. कारागृहांच्या नियमावल्यांत जातीवरून कामं वाटण्याचे नियम छापलेलेच होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला.

दोन्हींचा उपाय पुष्कळदा सारखा दिसतो, म्हणूनही घोळ होतो. वकिलाविना किंवा घाईत उरकलेल्या खटल्यात सहसा फेरखटला मिळतो, थेट सुटका नाही. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात २०१३ साली वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांच्या आत फाशीची शिक्षा झाली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने खटला पहिल्यापासून चालवायला सांगताना घालून दिलं की फाशी वा जन्मठेपेच्या खटल्यात मोफत वकील किमान दहा वर्षं अनुभवाचा हवा आणि त्याला तयारीला निदान सात दिवस मिळायला हवेत. न्यायाधीशांकडून न्याय मिळणार नाही अशी रास्त भीती असेल तर खटला दुसऱ्या कोर्टात हलवण्याचा अर्ज निकालाआधी करायचा असतो. निकाल विरुद्ध गेल्यावर न्यायाधीशांवर ठपका ठेवला तर अपिलात तो रडीचा डाव वाटतो, आणि बऱ्याचदा असतोही.

म्हणून कट्ट्यावरच्या त्या नातेवाइकांना मी आधी कोर्टातल्या कागदांच्या नकलांसाठी अर्ज करायला सांगतो: रोजनामा, साक्षीदारांचे जबाब, वकील नेमल्याचा आदेश. अटकेत असलेल्या कुणालाही, उत्पन्नाचा दाखला न मागता, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि मुलांनाही. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. जातीवरून कुणी काही बोललं असेल तर ते कोण, कोणत्या तारखेला, कुणासमोर बोललं, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं.