ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन घ्यायला येताना: आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी

कंबरदुखीवर ट्रामाडॉल मागितलंत की आम्ही आधी चिठ्ठी मागतो. रिकामी स्ट्रिप चालत नाही, मोबाइलमधला जुना फोटोही नाही. गिऱ्हाईक ओळखीचं, दुखणं समोर दिसतंय, अशा वेळी नाही म्हणणं आम्हालाही जड जातं. पण ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. ते शेड्यूल एच-वनमध्येही, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीतही, असल्याने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची नोंद आम्हाला वेगळ्या वहीत करावी लागते. ती वही तीन वर्षं जपायची असते. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधालाही हीच वही.

चिठ्ठी घेताना दवाखान्यातच पाहून घ्या: सही, तारीख, तुमचं नाव-पत्ता, गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा आणि एकूण किती. औषध दिलं की डॉक्टरांच्या सहीच्या वर आमचा शिक्का आणि तारीख पडते. डॉक्टरांनी पुन्हा द्या असं लिहिलं नसेल, तर त्या चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध मिळत नाही.

मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध आम्ही ठेवत नाही, ते मान्यताप्राप्त रुग्णालयातूनच घ्या. पूर्वी त्यासाठी रुग्णालयांना निरनिराळ्या खात्यांचे परवाने काढावे लागत. त्या कटकटीपायी अनेकांनी ते ठेवणंच सोडलं आणि कॅन्सरचे रुग्ण तळमळत राहिले. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी झाली. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात वेदनाशमनासाठी स्वतंत्र पॅलिएटिव्ह विभाग आहे.

घरात मॉर्फिन आलं म्हणजे सगळं संपलं, असं समजून घरचे लोक डोस चुकवतात आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. कृपा करून असं करू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा पाळा. बद्धकोष्ठता होतेच, तिच्यावरचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. सोबत दारू नको, आणि झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, श्वास मंदावू शकतो. रुग्ण हलवूनही नीट जागा होत नसेल तर पुढचा डोस न देता त्याला लगेच रुग्णालयात न्या.

गोळ्या कुलपात ठेवा. उरल्या तर शेजारच्या आजींच्या गुडघ्यासाठी देऊ नका, जिथून आणल्या तिथे विचारा. आम्ही त्या परत घेऊन विकू शकत नाही.