दमण आणि दीव : एका दमात उच्चारली जाणारी, पण एका सहलीत न मावणारी दोन ठिकाणे

‘शनिवार-रविवारी दीव-दमणला जाऊन येऊ’ हे वाक्य मुंबई, ठाणे, नाशिककडे सर्रास ऐकू येते. ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच ठिकाण असते : समुद्रातले बेट, त्यावर पोर्तुगीजांचा किल्ला, जवळ एखादे पुरातन तीर्थक्षेत्र, आणि हे सारे वापी स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. यातली एकही गोष्ट खोटी नाही. मात्र शेवटची दमणची आहे, तर बेट आणि तीर्थक्षेत्र दीवच्या वाट्याचे आहे. किल्ला तेवढा दोन्हीकडे आहे.

दमण हे वलसाड जिल्ह्याला लागून, दमणगंगेच्या मुखाशी, मुख्य भूमीवर वसलेले गाव आहे. दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे, साधारण ११ किलोमीटर लांबीचे बेट असून एका अरुंद खाडीने ते जमिनीपासून वेगळे झाले आहे; त्याला सर्वांत जवळचे मोठे गाव म्हणजे ऊना. दोहोंच्या मध्ये खंबायतचे आखात पसरले आहे. नकाशावर सरळ रेघ ओढली, तर अंतर सुमारे २०० किलोमीटर भरते, परंतु रस्त्याने आखाताला वळसा घालून जावे लागत असल्यामुळे तेच अंतर ६०० किलोमीटरांच्या पुढे जाते. शनिवारी दमण आणि रविवारी दीव असा बेत आखणाऱ्याचा रविवार म्हणूनच गाडीतच संपतो.

ही नावे जोडीने का येतात याचे उत्तर इतिहासात सापडते, आणि त्यात मराठ्यांचा वाटा मोठा आहे. सोळाव्या शतकात चौलपासून दीवपर्यंत पोर्तुगीजांच्या ठाण्यांची एक माळच किनाऱ्यावर तयार झाली होती आणि या उत्तरेकडच्या प्रांताचा कारभार वसईहून चालत असे. पुढे मुंबई लग्नाच्या करारातून इंग्रजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पाठोपाठ चौलही पोर्तुगीजांच्या हातून सुटले. दक्षिणेकडचे मणी निघून गेल्यावर उरली ती दूरदूरची दोन ठाणी, दमण आणि दीव. त्यांचा कारभार गोव्याबरोबर चालला, १९ डिसेंबर १९६१ रोजी ती गोव्याबरोबरच मुक्त झाली आणि १९८७ मध्ये गोवा वेगळे राज्य झाल्यावर ‘दमण आणि दीव’ या नावाचा केंद्रशासित प्रदेश उरला. २६ जानेवारी २०२० पासून तो दादरा व नगर हवेलीला जोडला गेला आहे. सरकारी नावातली ही जोडी हॉटेलांच्या पत्त्यांतही उतरते. तेव्हा खोली आरक्षित करताना पत्त्यातला जिल्हा आणि पिनकोड नीट पाहणे हा फार लहान, पण फार पैसे वाचवणारा उपाय आहे.

समुद्रस्नान हाच सहलीचा मुख्य हेतू असेल, तर दोन्ही ठिकाणांतला खरा फरक पाण्यात आहे. दमण आखाताच्या तोंडाशी आहे. या आखातात भरती-ओहोटीतला फरक फार मोठा असतो आणि नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या आपला गाळ तेथेच आणून सोडतात. त्यामुळे दमणचे पाणी बाराही महिने गढूळ दिसते, त्याला अस्वच्छतेशी जोडण्याचे कारण नाही. नानी दमणच्या, म्हणजे नदीच्या उत्तरेच्या, बाजूचा देवका किनारा ओहोटीला खडकाळ होतो. नदीच्या दक्षिणेला असलेल्या मोटी दमणच्याही दक्षिणेचा जांपोर त्यापेक्षा बरा, सुरूच्या झाडांचा आणि सपाट. मात्र ओहोटीच्या वेळी तेथे पोहोचलात, तर पाणी इतके आत गेलेले असते की चिखलट, ओल्या वाळूवरून बराच वेळ चालूनही ते घोट्यापर्यंतच येते. भरतीची वेळ आदल्या दिवशी पाहून त्याप्रमाणे जेवणाची वेळ ठरवावी, एवढे एकच पथ्य दमणला पुरते.

दीव खुल्या अरबी समुद्राला तोंड करून उभे आहे. तेथील खडक चुनखडीयुक्त, वाळू फिकट आणि पाणी पुष्कळच नितळ. नागवा किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला असून त्याच्या मागे होका नावाची, खोडालाच फांद्या फुटणारी ताडाच्या जातीची झाडे उभी आहेत. पुलापलीकडच्या घोघला किनाऱ्याला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छतेचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. येथे आणखी एका गफलतीची नोंद करणे भाग आहे. घोघला हे दीवचाच भाग असलेले, परंतु मुख्य भूमीकडचे गाव. घोघा हे भावनगर जिल्ह्यातले बंदर, जेथे सुरतजवळच्या हजिरा येथून वाहने नेणारी रो-रो बोट लागते. ‘बोटीने घोघ्याला उतरलो की दीव आलेच’ असे समजणाऱ्याला बोटीतून उतरल्यावर आणखी निम्मा दिवस गाडी चालवावी लागते.

किल्ल्यांच्या बाबतीत तुलना इतकी एकतर्फी नाही. दमण पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये घेतले. नदीच्या दक्षिणेला मोटी दमणचा किल्ला म्हणजे तटबंदीच्या आतले एक राबते गाव आहे : सरकारी कचेऱ्या, घरे, सावलीचे रस्ते आणि १६०३ चे बॉम जेझसचे चर्च, ज्याच्या आतले कोरीव लाकूडकाम पाहण्यासाठी डोळ्यांना अंधाराची थोडी सवय होऊ द्यावी लागते. नदीच्या उत्तरेला नानी दमणचा सेंट जेरोमचा छोटा किल्ला आहे. माझ्या मते दमणची सर्वांत चांगली जागा तीच : संध्याकाळी तटावर उभे राहिले की खाली नदीच्या मुखात नांगरलेल्या मासेमारीच्या होड्या आणि समोर मोटी दमणची तटबंदी एका नजरेत येते, आणि दमणगंगेच्या दोन्ही तीरांवर किल्ले का बांधावे लागले हे कोणी सांगण्याची गरज उरत नाही.

दीवचा किल्ला मात्र लढाईचा किल्ला आहे. १५०९ मध्ये या बेटासमोरच्या समुद्रात पोर्तुगीजांनी इजिप्तच्या मामलुक सुलतानाच्या आणि गुजरातच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. १५३५ मध्ये हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने त्यांना येथे किल्ला बांधू दिला आणि दोनच वर्षांत, पोर्तुगीजांना भेटून परतताना झालेल्या झटापटीत, तो याच पाण्यात मारला गेला. त्यानंतर १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे या किल्ल्याने सोसले. तीन बाजूंना समुद्र, जमिनीच्या बाजूला खडकात खोदलेला खंदक, बुरुजांवर अजून जागच्या जागी असलेल्या तोफा आणि समोर खाडीच्या तोंडावर पाण्यातच बांधलेला पाणीकोठा हा छोटा किल्ला, हे सर्व सावकाश पाहायला अर्धा दिवस लागतो. किल्ल्याचा दगड कोठून आला हे पाहायचे असेल, तर नायडा गुंफांत जावे. त्या बऱ्याच अंशी दगड काढून काढून झालेल्या पोकळ्या आहेत, आणि भिंतींवरच्या चौकोनी कापांच्या खुणा हात लावून पाहता येतात.

चक्रतीर्थ किनाऱ्यावरचे ‘खुकरी’चे स्मारक अनेक जण फोटोपुरते पाहतात. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ही युद्धनौका दीवच्या समुद्रात बुडाली; १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. तेथे थोडे थांबावे.

तीर्थक्षेत्राचा विषय मात्र सरळ आहे. दीवपासून कोडीनारमार्गे सुमारे ८५ किलोमीटरांवर सोमनाथ, म्हणजे प्रभास पाटण. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते प्रतिष्ठा झालेले आजचे मंदिर सर्वांना ठाऊक असते. त्याच्या जवळच १७८३ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेले मंदिर आहे, तेथे गर्दी कमी असते आणि मराठी माणसाने ते चुकवू नये. आरत्या सकाळी ७, दुपारी १२ आणि संध्याकाळी ७ वाजता होतात. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे बरोबरच्यांनी भेटण्याची जागा आधीच ठरवलेली बरी. दमणजवळ अशी जागा शोधणाऱ्यासाठी उदवाडा आहे. पारशी समाजाचा इराणशाह अग्नी तेथे १७४२ पासून तेवत आहे. अग्यारीत इतरधर्मीयांना प्रवेश नाही, पण लाकडी ओट्यांची जुनी घरे असलेल्या त्या गल्ल्यांतून फिरायला कोणाची हरकत नसते.

आता प्रत्यक्ष बेताकडे वळू. दोनच दिवस असतील, तर दमण. मुंबईहून वापी रेल्वेने अडीच-तीन तासांवर आहे आणि वापीहून दमण १२ किलोमीटर. शनिवारी सकाळी निघून दुपारी मोटी दमण, संध्याकाळी नानी दमणचा तट, रविवारी भरती पाहून जांपोर आणि परतताना उदवाडा एवढे घाई न करता होते. दीवसाठी सुटीचे किमान तीन दिवस आणि प्रवासाच्या दोन रात्री हाताशी हव्यात. मुंबईहून वेरावळला थेट रेल्वे जाते आणि वेरावळहून सोमनाथ हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून आधी सोमनाथ उरकून संध्याकाळपर्यंत दीव गाठावे आणि उरलेले दोन दिवस बेटावरच राहावे. उलट क्रम धरला, तर परतीची गाडी पकडण्याच्या धास्तीत दर्शन होते. दीवचा विमानतळ नागव्याजवळच आहे. मुंबईहून थेट विमान त्या काळात चालू असेल, तर प्रवासाच्या त्या दोन्ही रात्री वाचतात. दिवाळीच्या आठवड्यात गुजरातमधून येणारी गर्दी इतकी असते की बेटावर खोली मिळणे आणि परवडणे या दोन्ही गोष्टी कठीण होतात. डिसेंबरचा मधला काळ किंवा फेब्रुवारी त्यापेक्षा बरा. पावसाळ्यात दीवचा समुद्र उग्र असतो, तेव्हा पोहण्याचा विचारही करू नये.

दोन्ही ठिकाणी दारूबंदी नाही, आणि बऱ्याच मंडळींचा बेत तेवढ्यावरच ठरतो. परंतु दोहोंच्या भोवती गुजरात आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. दमणहून तलासरीकडे निघालेल्या गाडीलाही मध्ये गुजरातचा तुकडा ओलांडावाच लागतो, आणि दीवहून निघालेल्याच्या वाटेत तर जवळजवळ अख्खे राज्य येते. सीमेवरच्या नाक्यांवर गाड्या तपासल्या जातात, आणि डिकीत सापडलेली एक बाटलीही गुन्हा नोंदवायला पुरेशी ठरते.