जोडीनं मिळणारी डाळपुरी: मॉरिशसच्या खाऊगाड्यांमागचा इतिहास

मॉरिशसला जाऊन आलेल्या माणसाला 'तिथं काय खाल्लंस?' असं विचारलं, की तो हॉटेलातला बुफे आठवायला लागतो. तिथल्याच माणसाला विचारा, तो तुम्हाला रस्त्यावर पाठवील. डाळपुरी खायची तर रोझ हिलला 'देवा'कडे, आलुदा प्यायचा तर राजधानी पोर्ट लुईच्या मुख्य बाजारात 'पिल्ले'कडे, आणि बुलेत, म्हणजे वाफवलेले गोळे, चायनाटाऊनमध्ये. बेटावरची ही लाडकी ठिकाणं गाड्यांची, टपऱ्यांची आणि बाजारातल्या गाळ्यांची आहेत. त्यांचा उगम शोधत गेलं की आपण उसाच्या मळ्यात पोचतो.

ऊस बेटावर आणला डच लोकांनी, 1639 मध्ये, जावाहून. डच निघून गेल्यावर फ्रेंच आले आणि त्यांनी गुलामांच्या कष्टावर मळे वाढवले. 1810 मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेलं. 1825 मध्ये इंग्लंडनं मॉरिशसच्या साखरेवरचा जादा कर काढला आणि जिकडेतिकडे ऊस झाला. मग 1835 मध्ये इथली गुलामगिरी कायद्यानं संपली. त्याची चाहूल मळेवाल्यांना आधीच लागली होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' जहाजानं कलकत्त्याहून 36 मजूर आणले, आणि 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर या बेटाच्या धक्क्याला लागली. पोर्ट लुईतला तो धक्का म्हणजे आजचा 'आप्रवासी घाट', 2006 पासून जागतिक वारसास्थळ. मुख्य बाजार तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

मजुराला पगाराबरोबर शिधा मिळे: तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तेल. ही डाळ महत्त्वाची. बरेचसे मजूर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले भोजपुरी बोलणारे. त्यांच्याकडे लग्नकार्यात डाळपुरी व्हायची, ती त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून आली. हीच डाळपुरी त्रिनिदादलाही गेली, पण तिथं ती मोठी होऊन मटणाच्या रश्श्याला बिलगली. मॉरिशसला ती पातळ झाली, इतकी की हातावर घेतली तर लोंबते.

मराठी माणसाला ती बघताक्षणी ओळखीची वाटते. डाळ हळद घालून शिजवायची, पाणी निथळून कोरडी वाटायची, कणकेच्या गोळ्यात भरायची आणि लाटून तव्यावर भाजायची. गूळ तेवढा नाही, बाकी सगळी पुरणपोळीच. तळत नाहीत तरी नाव पुरी! गाडीवाला ती कधी एकटी देत नाही. 'एन पेर', म्हणजे एक जोडी, हेच माप. दोन पुऱ्या एकीवर एक अंथरायच्या, त्यावर 'ग्रो प्वा'ची उसळ (आपल्या पावट्याचं थोरलं भावंड), मग टोमॅटोचा रुगाय, म्हणजे दाटसर रस्सा, 'सातिनी' म्हणजे आपली चटणी आणि शेवटी वाटलेली मिरची. गुंडाळी करून कागदात बांधली की झालं. सरावलेल्या हाताला या सगळ्याला काही सेकंद पुरतात. मिरची नको असेल तर आधीच सांगावं लागतं.

लग्नात खिरीबरोबर वाढायचा हा पदार्थ रस्त्यावर कसा आला? माझ्या मते त्याला मेहनत कारणीभूत आहे. डाळपुरी घरी करायची म्हणजे अर्धा दिवस जातो. स्वातंत्र्यानंतर, 1970 च्या पुढे निर्यातीसाठी कपड्यांचे कारखाने निघाले आणि बायका मोठ्या संख्येनं कामाला जाऊ लागल्या. मग अर्धा दिवस कुणाकडे उरणार? दुपारच्या सुट्टीत उभ्या उभ्या, एका हातानं खाता येईल असं पोटभर काहीतरी हवं होतंच.

तमिळ मजुरांकडून आला डाळवडा. क्रिओल भाषेत, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत, तो 'गातो पिमा', शब्दशः मिरचीचा केक. सकाळी लोक तो फ्रेंच धाटणीच्या पावात लोणी लावून घालतात. मुंबईला वडापावाचा अभिमान जरूर असावा, पण वडा आणि परक्यांनी शिकवलेला पाव यांची गाठ हिंदी महासागरातही पडलेली आहे. 'आलुदा' म्हणजे फालुदाच: दूध, सब्जा आणि अगर-अगरचे तुकडे. 'विंदाय' म्हणजे मोहरी-हळद-व्हिनेगर लावलेली मासळी. तिचं आणि गोव्याच्या विंदालूचं मूळ एकच, पोर्तुगीजांचं लसूण घातलेलं आंबट मुरवण.

चिनी दुकानदाराला विसरून चालणार नाही. गावोगावी त्याचं दुकान असे आणि उधारी वहीत मांडली जाई. पगार झाला की वही चुकती. त्याच दुकानात संध्याकाळी रमचा पेला मिळे आणि सोबत तोंडी लावायला काहीबाही. त्या चखण्याला बेटावर आजही 'गाजाक' म्हणतात. आपल्याकडे गजक म्हटलं की तिळाची वडी आठवते, पण मद्याबरोबर खायचा पदार्थ हा त्या शब्दाचा जुना अर्थ तिथं टिकला. आता हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती कुणीही असो, नूडल्स म्हणजे 'मिन फ्री' सगळ्यांचंच.

आणि आपली माणसं? मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे बरेच होते. त्यांच्या वंशजांची जाखडी तिथं 'झाकरी' नावानं नाचली जाते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. गाड्यांवर मात्र मराठी पदार्थाचं नाव शोधूनही सापडत नाही. संख्या थोडी, त्यामुळे चव घरातच राहिली असावी. तिथल्या मराठी घरात पुरणपोळी खायची तर सणाचंच निमित्त लागतं. तोवर गाडीवरच्या बिनगुळाच्या बहिणीवर भागवायचं, आणि तेही दुपारच्या आत, कारण चांगल्या गाडीचा डबा लवकर रिकामा होतो.