पीसीओएसमधला सीआरपी आणि रॉटरडॅमचा निर्णय

पीसीओएस म्हणजे स्त्रियांच्या अंडाशयाचा आणि संप्रेरकांचा विकार. 1935 साली शिकागोत त्याचं वर्णन झालं तेव्हा विषय पाळी आणि वंध्यत्वाचा होता. 1980 मध्ये वाढलेल्या इन्शुलिनशी संबंध जुळला आणि पीसीओएस फक्त स्त्रीरोगतज्ज्ञांचा राहिला नाही. 1992 मध्ये एका स्वीडिश अभ्यासाने हार्ट अटॅकचा धोका सुमारे सातपट सांगितला. हा आकडा अजूनही सांगितला जातो, पण तो जोखमीच्या घटकांवरून मांडलेलं गणित होता, प्रत्यक्ष अटॅक कुणी मोजले नव्हते. 1998 मध्ये ब्रिटनमधल्या जुन्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हृदयविकाराचे मृत्यू अपेक्षेहून जास्त निघाले नाहीत.

दरम्यान 1997 मध्ये अमेरिकेतल्या निरोगी पुरुष डॉक्टरांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून सीआरपी (शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) आणि हार्ट अटॅक यांचा संबंध दिसला. 2001 मध्ये ब्रिटनमधल्याच एका छोट्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या स्त्रियांचा सीआरपी वाढलेला आढळला. मग प्रश्न आला: ही सूज पीसीओएसची की वजनाची?

उत्तर लांबलं, आणि त्याला 2003 ची, पीसीओएसच्या निदानाचे निकष ठरवणारी रॉटरडॅमची (नेदरलँड्स) बैठक बरीच कारणीभूत आहे. 1990 च्या अमेरिकी निकषांत वाढलेली पुरुषी संप्रेरकं आणि अनियमित बीजनिर्मिती दोन्ही लागत. रॉटरडॅमने सोनोग्राफीत दिसणारी पीसीओएसची अंडाशयं हे तिसरं लक्षण जोडलं आणि तीनपैकी कोणतीही दोन लक्षणं पुरेशी ठरवली. त्यामुळे पुरुषी संप्रेरकं वाढलेली नसतानाही निदान होऊ लागलं. अनेक मुलींना वेळेवर उपचार मिळाले, हे खरंच. पण ज्यांच्यात इन्शुलिनचा त्रास सहसा सौम्य असतो त्याही त्याच गटात आल्या, आणि एका देशाच्या सरासरीची दुसऱ्याशी तुलना करणं अवघड झालं. 2006 मध्ये तज्ज्ञांच्या दुसऱ्या गटाने पुरुषी संप्रेरकांची अट पुन्हा मांडली. माझ्या मते हृदयाच्या प्रश्नापुरता तोच गट बरोबर होता.

2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र केल्यावर पीसीओएसमध्ये सीआरपी जवळजवळ दुप्पट निघाला, आणि वजन जुळवल्यावरही फरक उरला. आयएल-6 आणि टीएनएफ-अल्फा या सुजेच्या इतर खुणांमध्ये मात्र ठोस फरक नव्हता. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) जुळवणं पुरेसं नाही, कारण भारतीय स्त्रियांच्या पोटावर कमी वजनातही चरबी साठते. शिवाय या विकारात सर्रास दिल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्याच सीआरपी वाढवतात. रिपोर्ट वाचताना गोळ्या चालू आहेत का, हे विचारलंच पाहिजे आणि ते फार क्वचित विचारलं जातं.

जनुकीय अभ्यासांनी पुढे दाखवलं की सीआरपी स्वतः धमन्या बिघडवत नाही, तो फक्त खूण आहे. 2017 मध्ये कोलेस्टेरॉलला हात न लावता सूज कमी करणाऱ्या एका इंजेक्शनने पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण घटलं, पण जीवघेणे संसर्ग वाढले. आणि ते रुग्ण आधी अटॅक येऊन गेलेले, बहुतेक साठीच्या आसपासचे होते. पंचविशीतल्या मुलीला तो निष्कर्ष लावता येत नाही.

2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पीसीओएसमधला हृदयाचा वाढीव धोका स्पष्टपणे मान्य केला. त्यासाठी सुचवल्या आहेत त्या रक्तदाब, साखर आणि लिपिड प्रोफाइल या तपासण्या. सरसकट सीआरपी त्यात नाही.