बॅटरी मुठीत की मुठीखाली?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, महिन्याभरावर आली की गोव्यात घरोघरी एकदम आठवण होते. माटोळीचे (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या लाकडी चौकटीचे) हूक सैल झालेत, देवाच्या खोलीतली फळी वाकलीय, कपाटाचं दार वर्षभर लोंबतंय. मग मला फोन सुरू होतात. “घरात एक लहानसं चार्जिंगचं ड्रिल असावं म्हणतो. कुठलं घेऊ?” मी विचारतो, “बॅटरी मुठीत असलेलं की मुठीखाली असलेलं?” पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, “ते फोटोत लहान दिसतं ना, ते. वापरणार बायको, तिचा हात लहान आहे.”

घोळ होतो तो इथंच. मी म्हापसा-पर्वरी भागात किचनच्या ट्रॉल्या आणि कपाटं बसवतो, आणि ही दोन्ही मशीनं रोज माझ्या हातात असतात. फोटोत लहान दिसणारं मशीन आणि लहान हातात बसणारं मशीन ही एक गोष्ट नव्हे. पुष्कळदा तर नेमकं उलटं असतं.

ड्रिल म्हणजे काय, चकमध्ये (पुढच्या जबड्यात) बिट, म्हणजे भोक पाडायचं किंवा स्क्रू पिळायचं पातं, कसं घट्ट करायचं, उलट-सुलट फिरवायचं बटण कुठं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या लहान मशीनांच्या खोक्यावरच्या १०.८ व्होल्ट आणि १२ व्होल्ट यांवरून दुकानात वाद घालू नका, ते एकच आहे. बॅटरीच्या आत तीन सेल वायरिंगने एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे ३.६ व्होल्ट धरले तर बेरीज १०.८ होते. चार्जरवरून नुकती काढलेली बॅटरी मोजली तर प्रत्येकी ४.२ प्रमाणे १२.६ भरते. खोक्यावर कुठला आकडा मोठ्ठा छापायचा, एवढाच काय तो फरक. मोटर ब्रशवाली की बिनब्रशची, हाही वर्षातून चार वेळा मशीन काढणाऱ्या घराचा प्रश्न नाही. पैसे असतील तर बिनब्रशचं घ्या आणि विषय संपवा.

आता दोन मुठी. पहिल्या प्रकारात बॅटरी कांडीसारखी असते आणि खालून मुठीच्या आत शिरते. म्हणजे तुम्ही मूठ धरता तेव्हा खरं तर बॅटरीच धरलेली असते. दुसऱ्या प्रकारात बॅटरी चपटी असते आणि मुठीच्या तळाशी सरकवून बसते. मशीनला पाय फुटल्यासारखी दिसते. दुकानदार पहिलीला स्टिक म्हणतात, दुसरीला स्लाइड. फोटोत स्टिकवालं सडपातळ आणि गोंडस दिसतं, स्लाइडवालं खाली बूट घातल्यासारखं. लोक बूट पाहून नाक मुरडतात.

पण हात बुटाला धरायचा नसतो, मुठीला धरायचा असतो.

स्टिकच्या मुठीत काय आहे बघा. बहुतेक या बॅटऱ्यांतले सेल १८६५० मापाचे असतात. या आकड्यातच माप आहे: जाडी १८ मिमी, लांबी ६५ मिमी. असे तीन सेल त्रिकोणात एकमेकांना चिकटवून उभे करा आणि भोवती सुतळी गुंडाळा. सुतळी ११ सेंमी लागते. (शाळेतली भूमिती: तीन सरळ बाजू, प्रत्येकी १८ मिमी, अधिक तीन कोपऱ्यांची मिळून एका सेलभोवतीची पूर्ण फेरी, म्हणजे साडेछप्पन्न मिमी.) ही झाली नुसती सेलांची मोळी. तिच्यावर बॅटरीचं कवच, त्यावर मुठीचं कवच, त्यावर रबर. सगळं मिळून जेमतेम ४ मिमी जाडी धरली तरी घेर अडीच सेंमीने वाढतो. म्हणजे साडेतेरा सेंमी. कुठलीही कंपनी असो, कितीही हुशार इंजिनिअर असो, सेल तेच असतील तर याच्या फार खाली जाता येत नाही. मूठ बारीक करायला जागाच उरत नाही.

स्लाइडच्या मुठीत मात्र स्विच आणि दोन वायरी. बाकी पोकळी. तिला हाताच्या मापाने घडवता येतं, बोटं येतात तिथं कंबर काढता येते. माझ्याकडच्या दोन मशीनांना मी ट्रिगरच्या खाली सुतळी लावून पाहिली. स्टिकवालं चौदाच्या जरा आत, स्लाइडवालं बाराच्या आसपास. दोन सेंमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. कोयत्याची मूठ चिंध्या गुंडाळून दोन सेंमीने जाड करा आणि एक दिवस फांद्या तोडा, मग सांगा.

हे नखऱ्याचं बोलणं नाही. या वर्गातली चांगली मशीनं पहिल्या, म्हणजे सावकाश गियरवर ३० न्यूटन-मीटरच्या आसपास पिळण्याचा जोर लावतात. बिट लाकडात अडकलं की तो जोर मशीनलाच उलटा फिरवू पाहतो आणि त्याला अडवते ती तुमची मूठ. बिटाच्या रेषेपासून तुमचा पंजा साधारण १० सेंमी खाली असतो. हिशेब केला तर पंज्यावर ३०० न्यूटनांचा हिसका येतो, म्हणजे तीस किलोंचं ओझं अचानक आडवं ओढल्यासारखा. अंगठा वळून बोटांवर येत असेल तर तुम्ही तो झेलता. मूठ इतकी जाड, की अंगठा आणि मधलं बोट यांची भेटच होत नाही, तर मशीन हातातून वळतं आणि मनगट मुरगळतं. त्यात एप्रिल-मे महिन्यातला आपला घाम. म्हणून लहान हाताच्या माणसाला “लहान दिसतंय” म्हणून स्टिक देणारा दुकानदार भेटला की माझं डोकं फिरतं. स्क्रू पिळताना चकमागची क्लचची कडी (ठरावीक जोरानंतर पिळणं सोडून देणारी) कमी आकड्यावर ठेवावी म्हणजे हा हिसका बसतच नाही, हे त्याने सांगायला हवं. तेही तो सांगत नाही.

शेजारच्या वहिनींना मी दोन्ही मशीनं हातात दिली, बॅटरी लावून, काही न बोलता. स्टिकवालं त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. स्लाइडवालं एका हाताने उचललं आणि लगेच दाराच्या बिजागरीकडे वळल्या. “हे जड आहे ना हो?” असं मात्र विचारलं. होतं थोडंसं जड. पण वजन खाली, पंज्याच्या खाली असल्याने डोकं पुढे कलंडत नव्हतं. स्टिकमध्ये बॅटरी पंज्यात आणि मोटर, चक सगळं वर, त्यामुळे तराजूवर हलकं असूनही डोकंच जड वाटतं.

आणखी एक विनोद. स्टिकवाल्यांना चार्ज कमी पडतो म्हणून कंपन्या मोठी बॅटरी देतात, ४ किंवा ६ अँपियर-तासांची. तिच्यात सेल सहा. तीन मुठीत मावतात, उरलेले तीन जाणार कुठं? मुठीखाली बूट होऊन बसतात. म्हणजे ज्या बुटाला नाक मुरडून तुम्ही स्टिक घेतलं तोच बूट पायात आला, मूठ जाडची जाडच राहिली आणि वजनही वाढलं. एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा. सहा सेलांची कांडी घेणारा माणूस भेटला की मी विचारतो, मग स्लाइडच का नाही घेतलंस रे बाबा? उत्तर नसतं. ऑफर होती म्हणतात.

मूठ मोटरच्या मधोमध की मागच्या टोकाला, यावरही लोक तास घालवतात. मधोमध असली तर मशीन हातात तोलून राहतं. मागे असली तर ढकलताना तळहात बिटाच्या रेषेत येतो. पूर्वीच्या लांब डोक्याच्या मशीनांत हे जाणवायचं. आताची डोकी इतकी आखूड झालीत की हा फरक बोटभराचा उरलाय. सोडून द्या. पेनासारखी सरळ होणारी आणि मधेच मोडून पिस्तुलासारखी होणारी मशीनं मिळतात, ती स्क्रू पिळायला झकास. भोक पाडायला घेऊ नका.

स्टिकची बाजू घ्यायची झाली तर ती कपाटाच्या आत घ्यावी लागते. ट्रॉलीचा चॅनल बसवताना मी सिंकखाली अर्धा आत शिरलेला असतो, एकीकडे पाइप, दुसरीकडे प्लायची बाजू. तिथं स्लाइडचा बूट पुढेमागे अडतो, मशीन तिरकं धरावं लागतं आणि स्क्रू तिरका बसतो. स्टिकची मूठ खालपर्यंत एकाच जाडीची, ती फटीत जाते. शिवाय ती पँटच्या मागच्या खिशात राहते. शिडीवर चढताना दोन्ही हात मोकळे असणं काय असतं, हे जुन्या घराच्या कौलांखाली काम केलेल्यालाच कळेल. स्लाइड खिशात जात नाही. पट्ट्याला हूक लावून लटकवलं तर दर पायरीला मांडीवर आपटतं.

पण तेच स्टिक खाली ठेवायला जा. तीन सेलांच्या बॅटरीचा तळ इतकासा, की ते उभं राहतच नाही. आडवं ठेवलं तर गडगडतं. एका नव्या फ्लॅटमध्ये मी ते शिडीच्या वरच्या पाटीवर आडवं ठेवलं, मेजरटेप घ्यायला वाकलो आणि मशीन थेट नव्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर. मशीनला काही झालं नाही. ओट्याची कड नखाएवढी उडाली आणि माझी तीन दिवसांची मजुरी तिच्यासोबत. स्लाइड बुटावर उभं राहतं, चक पुढे, मूठ हाताशी. न बघता उचलता येतं. दिवसातून शंभर वेळा ठेवणं-उचलणं असेल तर याचं मोल कळतं.

बॅटरी काढण्यातही असंच आहे. स्टिकला दोन्ही बाजूंची बटणं अंगठा-बोटाने चिमटून खाली ओढायची, हात घामट असेल तर चिमूट सटकते. स्लाइडला पुढे एकच बटण. स्टिकचे मशीनमधले संपर्काचे पत्रे मुठीच्या खोल आत असतात, तिथं फडकं पोचत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा अशी, की कपाटातल्या चामड्याच्या चपलेवरही बुरशी येते. पत्र्यांवर हिरवट थर धरला तर स्लाइडमध्ये तो दिसतो आणि सुक्या ब्रशने निघतो. स्टिकमध्ये मशीन अडखळायला लागल्यावर कळतं. पावसाळ्यात कुठलंही मशीन ठेवायचं असेल तर बॅटरी काढून ठेवा.

खरेदी करताना जी चूक सर्वांत महाग पडते ती मात्र बॅटरीच्या जोडीची. व्होल्ट सारखे म्हणजे बॅटरी बसेल, हा समज काढून टाका. मकिताचं उदाहरण घ्या. १०.८ व्होल्टची त्यांची जुनी बीएल१०१३ मुठीत शिरणारी, नंतरच्या बीएल१०१५, बीएल१०२०बी, बीएल१०४०बी तळाला सरकणाऱ्या. कंपनी तीच, व्होल्ट तेच, पण एकीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. उलट बॉशने आपल्या मुठीतल्या १०.८ व्होल्टच्या मशीनांना पुढे १२ व्होल्ट म्हणायला सुरुवात केली, आणि तिथं आकडा वेगळा दिसला तरी बॅटऱ्या एकमेकांना चालतात. नुसतं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेण्याआधी घरची बॅटरी पिशवीत टाका, दुकानात लावून बघा आणि मगच पैसे द्या.

हेही सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा फोन नको. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत ६ मिमीचं भोक यांतलं कुठलंही मशीन पाडतं, गिलावा फोडून आत पोचलं की चिरा फार विरोध करत नाही. उलट भोक भसाभस मोठं होऊन प्लग फिरायला लागतो, म्हणून बिट एका मापाने लहान आणि प्लग लांब घ्या. काँक्रीटच्या स्लॅबला मात्र यांतलं काहीही नेऊ नका. तिथं हॅमरचं मोठं मशीन लागतं, आणि ते विकत घेण्यापेक्षा दिवसाच्या भाड्याने आणा.

वहिनींनी शेवटी स्लाइडवालं घेतलं, दोन सुट्या बॅटऱ्यांसकट. कपाटाच्या बिजागऱ्या, पडद्याचे ब्रॅकेट, देवाच्या खोलीतली फळी, सगळं त्यांनीच केलं. माटोळीच्या हुकांसाठी तेवढं मला बोलावलं. वासा भिंतीला खेटून होता, बूट आत जाईना. मी मागच्या खिशातून स्टिक काढलं, दोन भोकं पाडली, हूक पिळले आणि खाली उतरताना मशीन सवयीने शिडीच्या पाटीवर ठेवणार होतो. वहिनी खालून ओरडल्या, “खिशात!”