पस्तीस मिमी, एफ १.४: दोन लेन्सच्या वादाची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका छोट्या छायाचित्र मंडळाकडे वर्गणीतून घेतलेला लायकाच्या एम माउंटचा एक डिजिटल रेंजफाइंडर आहे, म्हणजे आत आरसा नसलेला, वेगळ्या खिडकीतून दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा. तीन-चार सदस्यांकडे फिल्मवर चालणारे स्वतःचे आहेत. यंदाची वर्गणी लेन्ससाठी राखून ठेवली आहे आणि कामंही ठरलेली आहेत: जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा आणि उरलेलं वर्ष पूर्व भागातले यंत्रमाग. पस्तीस मिमी घ्यायची यावर दुमत नाही, एफ १.४ हवी यावरही नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं आणि उजेड जास्त). घोडं अडलंय ते दोन नावांपाशी. एक व्हॉइग्टलँडरची नोक्टन क्लासिक, दुसरी झाइसची डिस्टागॉन झेडएम. दोन्हींवर जुनी जर्मन नावं आहेत आणि दोन्ही बनवते जपानची कोसिना कंपनी. तेव्हा ‘जर्मन की जपानी’ या मुद्द्यावर बैठकीची निम्मी संध्याकाळ घालवण्यात काही हशील नाही. तरी ती जातेच.

सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकतो. १९३२ साली लायट्झ (लायका बनवणारी कंपनी) आणि झाइस या दोघांनीही लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर आणला. त्याच दशकात झाइसची ३५ मिमी एफ २.८ बायोगॉन आली. तिची मागची काच कॅमेऱ्याच्या पोटात, जवळपास शटरपर्यंत पोचायची. मध्ये आरसा नसल्यामुळे हे जमलं. वाइड लेन्सची मागची काच फिल्मच्या जितकी जवळ नेता येईल तितकी लेन्स लहान आणि रेषा सरळ, असा साधारण हिशेब होता. पुढचं सगळं भांडण याच हिशेबावर उभं आहे. लायकाच्या १९५४ च्या एम थ्रीच्या फाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, ३५ ची चौकटच नव्हती. त्यामुळे त्या कॅमेऱ्यासाठीच्या ३५ मिमी लेन्सला चक्क चष्मा लावून विकत असत. एम टू आला आणि ३५ ची चौकट फाइंडरच्या आत गेली.

आपल्याकडे त्या काळात निवडीचा प्रश्नच नव्हता. आयातीवर बंधनं, फिल्म म्हणजे बहुतेक उटीची इंदू, स्टुडिओत दोन भिंगांचे चौकोनी कॅमेरे. घरात रेंजफाइंडर असलाच तर तो कुणा नातेवाइकाने बाहेरून आणलेला याशिका इलेक्ट्रो असण्याची शक्यता जास्त, आणि त्याची ४५ मिमी एफ १.७ लेन्स कॅमेऱ्याला कायमची जोडलेली. फोटो बिघडला तर दोष हाताला, उजेडाला किंवा धुणाऱ्याला. लेन्सला दोष देण्याची चैन फार उशिरा आली.

फास्ट, म्हणजे लहान एफ आकड्याच्या, वाइड लेन्सची शर्यत मात्र १९५० च्या दशकातच लागली होती. १९५६ मध्ये निकॉनने ३५ मिमी एफ १.८ आणली, १९५८ मध्ये कॅननने एफ १.५, आणि १९६१ मध्ये लायट्झची समिलक्स एफ १.४ वर येऊन थांबली. ही समिलक्स पुढे तीस वर्षांहून जास्त काळ विकली गेली. ती पूर्ण उघडी ठेवली की दिव्यांभोवती धूसर वलय येतं आणि कोपऱ्यातले दिवे शेपटीसारखे ओढले जातात. अ‍ॅपर्चर दोन स्टॉप (दोन पायऱ्या) बंद केलं की तीच लेन्स कडक शिस्तीची होते. आकार बोटाच्या दोन पेरांएवढा. १९९० साली कंपनीने तिच्यात अ‍ॅस्फेरिकल (नेहमीच्या गोलाईपेक्षा वेगळ्या वळणाचे) पृष्ठभाग घालून वलय बरंचसं घालवलं, १९९४ मध्ये तेच काम एका अ‍ॅस्फेरिकल पृष्ठभागावर भागवलं, २०१० मध्ये तरंगता भिंगगट आणला. या प्रत्येक पायरीला किंमत वाढत गेली आणि मंडळाच्या वर्गणीचा त्या लेन्सशी संबंध उरला नाही.

ती पोकळी कोसिनाने भरली. १९९९ पासून व्हॉइग्टलँडरचं नाव घेऊन ही कंपनी रेंजफाइंडरच्या लेन्स विकू लागली. २००४ साली झाइस इकॉन हे नाव परत आलं तेव्हा तो कॅमेरा आणि त्याच्या बहुतेक लेन्सही तिथेच बनू लागल्या. २००८ ची नोक्टन क्लासिक ३५ मिमी एफ १.४ ही उघडउघड १९६१ च्या वळणावर गेलेली लेन्स आहे: सहा गटांत आठ भिंगं, वजन २०० ग्रॅमच्या आसपास, पुढचा फिल्टर ४३ मिमीचा. इतकंच नाही, तर ती एकेरी कोटिंगमध्येही विकायला ठेवली, म्हणजे ज्याला जुन्यासारखं कमी कॉन्ट्रास्टचं चित्र हवं त्याला ते पैसे देऊन मिळावं. दोष हाच गुण म्हणून विकायची ही पद्धत तिथून चांगलीच रुळली. त्याच वर्षी झाइसने छोटी सी बायोगॉन एफ २.८ काढली, एफ २ ची बायोगॉन आधीपासून होतीच. मग २०१४ साली झाइसची ३५ मिमी एफ १.४ आली आणि तिच्यावर नाव होतं डिस्टागॉन.

इथे थोडं थांबायला हवं. कारण मंडळातला खरा मतभेद इथेच आहे, फक्त तो वेगळ्याच शब्दांत बोलला जातो.

झाइसच्या घरात डिस्टागॉन म्हणजे रेट्रोफोकस रचना. पुढे किरण पसरवणारा भिंगगट ठेवायचा, म्हणजे मागची काच फिल्मपासून लांब राहते. ही युक्ती आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी रूढ झाली. १९५० मध्ये फ्रान्सच्या आंजेन्यूने अशीच ३५ मिमी एफ २.५ लेन्स काढली, कारण आरसा वर-खाली व्हायला जागा हवी होती. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाहीच. तरी २०१४ साली रेंजफाइंडरसाठीच काढलेल्या लेन्सला ही लांबण कशाला?

त्याचं अर्धं उत्तर सेन्सरमध्ये आहे. फिल्मवर किरण तिरपे पडले तरी फारसं बिघडत नाही. सेन्सरवर मात्र आधी काचेचा थर, मग सूक्ष्म भिंगं, मग प्रकाश टिपणारा खड्डा. कोपऱ्यात फार तिरपे आलेले किरण काचेत वळतात, शेजारच्या रंगाच्या खड्ड्यात सांडतात, कडा काळवंडतात किंवा जांभळट होतात. लायकाच्या २००६ च्या डिजिटल एम एटने कोपरे वाचवण्यासाठी सेन्सरवरची काच जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ठेवली. कोपरे वाचले, पण इन्फ्रारेड आत शिरला आणि काळं सिंथेटिक कापड जांभळं दिसायला लागलं. कंपनीला ग्राहकांना दोन-दोन फिल्टर फुकट वाटावे लागले. चादरी-टॉवेलच्या गावात याचा अर्थ फोड करून सांगायला नको: ज्या कॅमेऱ्याला काळा धागा काळा दिसत नाही त्याला मागावर नेऊन करायचं काय? २००९ च्या एम नाइनमध्ये सेन्सर पूर्ण फिल्मएवढा झाला, म्हणजे कोपरे आणखी दूर गेले. २०१३ मध्ये सोनीचे पूर्ण फ्रेमचे आरसाविरहित कॅमेरे आले. त्यांच्या सेन्सरवरची काच जाड. लोकांनी अडॅप्टर लावून त्यांच्यावर जुन्या सममित (मागची काच फार जवळ नेणाऱ्या) वाइड लेन्स चढवल्या आणि कोपरे फिसकटलेले निघाले. पुढच्याच वर्षी डिस्टागॉन झेडएम आली.

हा क्रम पाहिला की वाटतं, रेंजफाइंडरचा मूळ फायदा सेन्सरपायी सोडून दिला. मंडळातल्या एका गटाचं म्हणणं तेच आहे आणि मीही त्याच बाजूला झुकतो. दुसऱ्या गटाचं उत्तर असं की सेन्सर हे निम्मं कारण झालं. एफ १.४ वर कडेपर्यंत एकसारखी धार आणि एकसारखा उजेड हवा असेल तर काच वाढणारच, आणि रेट्रोफोकसमध्ये कडांचा काळोख मुळातच कमी होतो. हे खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. पण ३५ मिमीवर तिरप्या किरणांचा त्रास २१ मिमीएवढा कधीच नव्हता. शिवाय मंडळाचा कॅमेरा एम जातीचा, पातळ काचेचा आणि लेन्सवरच्या सहा टिंबांच्या कोडवरून कडा सुधारून घेणारा. ज्या रोगासाठी हा काढा उकळला तो आपल्या घरात पुरता आलेलाच नाही. काढ्याची किंमत मात्र पूर्ण मोजायची: ३८१ ग्रॅम वजन, म्हणजे नोक्टनच्या जवळपास दुप्पट, आणि फाइंडरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लेन्सचं डोकं. जवळून फोटो काढताना नेमका तिथला हात, तिथलं मूल, तिथला धोटा दिसत नाही. फिल्म वापरणाऱ्या सदस्यांना तर सेन्सरचा फायदा शून्य, अडथळा तेवढा पदरात.

आता नोक्टनचं दुखणं. गोलीय दोष, म्हणजे कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळणं, तिच्यात मुद्दाम शिल्लक ठेवलेला आहे, त्यामुळे अ‍ॅपर्चर बंद करत जाल तसा फोकस मागे सरकतो. आरसाविरहित कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर बंद ठेवूनही फोकस करता येतो. रेंजफाइंडरला हे दिसतच नाही. तो फक्त लेन्सचं कडं किती फिरलं ते वाचतो आणि दोन प्रतिमा जुळल्या म्हणून सांगतो. ३५ मिमीवर दीड मीटर अंतरावर एफ १.४ ला स्पष्ट पट्टा पुढे-मागे मिळून जेमतेम १५ सेंटिमीटर असतो. गोची एफ २ ते एफ २.८ च्या दरम्यान होते. तिथे फोकस सरकलेला असतो आणि पट्टा अजून त्याला पोटात घेण्याइतका रुंद झालेला नसतो. एफ ५.६ ला सगळं झाकलं जातं.

मागाच्या शेडमध्ये हे कसं उतरतं ते पाहा. ट्यूबलाइटच्या उजेडात, आयएसओ ४०० वर, बऱ्यापैकी उजळ शेडमध्ये एफ २ ला १/६० मिळतो आणि एफ १.४ ला १/१२५. अंधाऱ्या शेडमध्ये दोन्ही आणखी निम्मे. विणकर कांडी बदलायला वाकतो तेव्हा त्याचं बोट आणि धोट्याचं टोक यांत वीतभर अंतर असतं. १/६० ला बोट हलतं, म्हणून एफ १.४ वर यावं लागतं, आणि तिथे पट्टा वीतभरापेक्षाही कमी. अशा वेळी लेन्स कोणत्या अ‍ॅपर्चरला बरोबर बसवून घ्यायची हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. काही जण एफ १.४ ला अचूक करून घेतात आणि मधले स्टॉप टाळतात. काही जण एफ २.८ ला अचूक करून एफ १.४ ला थोडा पुढचा फोकस सोसतात. नोक्टनच्या दुसऱ्या आवृत्तीत हे सरकणं कमी केल्याचं सांगितलं जातं, मंडळासमोर तीच आहे. माझं मत पहिल्या बाजूचं: मागावर एफ १.४, रस्त्यावर ५.६ आणि पुढे, मधलं विसरा. डिस्टागॉनवाले यावर म्हणतात की मधलं विसरायचं असेल तर अ‍ॅपर्चरचं कडं कशाला हवं. बोचरं आहे, पण बरोबर आहे.

यात्रेत पारडं थोडं तिकडेच झुकतं. सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा भर उन्हात होतो. पांढऱ्या बाराबंद्या, एफ ८, कुठलीही लेन्स चालेल. पण होम मैदानावर रात्री काळं आभाळ आणि उघडे दिवे. नोक्टन एफ १.४ ला तिथे वलयं देणार, कोपऱ्यातला दिवा ओढणार. एकेरी कोटिंगची घेतली तर आणखीच. शिवाय नोक्टनमध्ये रेषा बाहेर फुगतात. नंदीध्वज चौकटीच्या कडेला उभा आला तर त्याची काठी वाकलेली दिसते, आणि ज्यांनी तो पेलला त्यांना असा फोटो दाखवायची सोय नाही. डिस्टागॉनवर हे दोन्ही प्रश्न जवळपास येत नाहीत. यात्रा वर्षातून काही दिवसांची आणि माग वर्षभराचे, हे मी बैठकीत सांगून पाहिलं. यात्रेतलेच फोटो प्रदर्शनात लागतात, हे मला ऐकवलं गेलं.

जुनी घ्यायची की नवी, हा उपप्रश्न आहे. मुंबईहून येणाऱ्या जुन्या लेन्समध्ये बुरशी बघून घ्यावी लागते. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती फारशी वाढत नाही, पण आलेली जातही नाही. इथला त्रास वेगळा. शेडमध्ये सुताचा रेशा उडत असतो आणि तो पुढच्या काचेवर बसतो, म्हणून फिल्टर काढायचा नाही. मंडळाकडे ४९ मिमीचे दोन फिल्टर पडून आहेत, ते डिस्टागॉनला बसतात. नोक्टनसाठी ४३ चे नवे घ्यावे लागतील. डिस्टागॉनच्या गटाने हा मुद्दा गंभीर चेहऱ्याने मांडला.

तूर्तास एकच गोष्ट एकमताने झाली आहे. मंडळाच्या कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर दूरच्या वस्तूवर जुळत नाही, उभ्यातही किंचित चुकलेला आहे, आणि तो बसवून देणारं गावात कुणी नाही. तो आधी मुंबईला जाईल. परत आल्यावर दोन्ही लेन्स एकेका दिवसासाठी उसन्या आणून एकाच शेडमध्ये, एकाच मागावर, एफ १.४ पासून एफ ४ पर्यंत फोटो काढून पाहायचे, असं ठरलं आहे. शेडच्या मालकांनी एवढीच अट घातली की माग थांबवायचा नाही.