भटक्या-विमुक्तांच्या दाखल्याची अडचण आली कुठून?

पालावरचं, म्हणजे भटक्यांच्या तंबूवस्तीतलं पोर दहावी पास होतं, पुढच्या ॲडमिशनला जातीचा दाखला लागतो, आणि सेतूत सांगतात की २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, जातीचा आणि राज्यात राहत असल्याचा पुरावा आणा. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतली नोंद. आता ज्याचा आजा शाळेची पायरीच चढला नाही आणि बाप कुठल्या गावच्या शिवारात जन्मला हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही, त्याने हा कागद आणायचा कुठून?

ही अडचण काल-परवाची नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला, आधी उत्तरेकडे, मग १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू करता आला. माणसाने काही केलंय का हा प्रश्नच नव्हता, जमात यादीत आली की त्यात जन्मलेलं पोरही गुन्हेगार. नाव रजिस्टरला, अंगठ्याचे ठसे घेतलेले, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापुरात तर सेटलमेंटच होती, काटेरी तारांच्या आत माणसं ठेवलेली, तिथूनच गिरणीत कामाला जायची आणि परत आत यायची. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची तरतूदसुद्धा कायद्यात होती!! हे वाचताना आजही संताप होतो.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या. पण जमीन दिली नाही, गाव दिलं नाही, आणि १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, त्यामुळे पोलिसांची नजर होती तशीच राहिली. चोरी झाली की आधी पालावर जायचं ही सवय तिथून आलीय.

त्यात आरक्षणाच्या यादीचा घोळ वेगळाच. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत, बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बंजारा आपल्याकडे विमुक्त, तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती. जे लोक पोटासाठी जिल्हे आणि राज्यं ओलांडत फिरतात त्यांना हे असं वाटून टाकलं.

भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने आयोग नेमले, त्यातल्या रेणके आयोगाचा रिपोर्ट २००८ ला आला, इदाते आयोगाचा २०१८ ला. त्याच २०१८ मध्ये १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं, त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे. गावात अनोळखी भटका माणूस दिसला की संशय घ्यायचा, हे आपल्यात किती मुरलंय ते तेव्हा दिसलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगाच्या नियमांतला विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार धरणारा भाग रद्द केला, चांगलंच झालं. पण दाखल्याचं काय? पुरावा नसेल तर गृहचौकशी करून दाखला देता येतो, पण त्यासाठी तलाठ्याने पालावर जायला हवं आणि प्रांताधिकाऱ्यांनी तो रिपोर्ट मान्य करायला हवा, तिथेच फाईल अडते. ज्या सरकारी यंत्रणेने कधीकाळी ठसे घेऊन यांची रजिस्टरं भरली, तिनेच आता पुरावा शोधायची जबाबदारी घ्यावी, ती जुनी रजिस्टरं धुंडाळावीत, आणि ज्यांचं नाव तिथेही नाही त्यांच्यासाठी पालावर कॅम्प लावावेत, शाळेच्या ॲडमिशन सुरू व्हायच्या आधी.